साडूंचं लोखंड

माझ्या साडूंइतका आपल्या मधुमेहाचा गाजावाजा करणारा माणूस अख्ख्या भोपाळात दुसरा नसेल. लोक शुगर लपवतात, यांना नुसतं "कसे आहात?" विचारलं तरी सकाळचा आकडा ऐकवतात. गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यातून निवृत्त झालेले; गेल्या वर्षी ओळखीच्या लेथवाल्याकडून त्यांनी भंगारातल्या लोखंडाचे डंबेल करून आणले आणि साकेत नगरच्या हॉलमध्ये मांडले. त्यांच्याकडे गेलं की आधी डंबेल उचलायचा, मग चहा मिळतो, तोही बिनसाखरेचा. "स्नायू म्हणजे साखरेचं गिऱ्हाईक! गिऱ्हाईक वाढव, माल आपोआप खपतो," हे त्यांचं शास्त्र. दुर्दैवाने ते बरोबर आहे, त्यामुळे तोंड बंद करायची सोय नाही. एका लग्नात तर एका गुलाबजामसाठी पंगतीतून उठून त्यांनी बैठका मारल्या. नवरीचे मामा घाबरून पाणी घेऊन धावले.

हे वेड लागलं मंडळाच्या गणपतीपायी. टी. टी. नगरातल्या आमच्या मराठी मंडळाची मूर्ती विसर्जनाला दरवर्षी साडूच उचलायचे. गेल्या वर्षी भक्ती उतू गेली. शुगरची गोळी घेतली आणि वर कडक उपास केला. व्हायचं तेच झालं. शुगर धाडकन उतरली, घाटाच्या पायरीवर झोकांडी गेली, चौघांनी कशीबशी मूर्ती सावरली. समितीने गोड बोलून सांगितलं, "काका, अब आप आराम करो, यापुढे पोरं उचलतील." त्या संध्याकाळी साडू एक शब्द बोलले नाहीत. त्यांची बडबड थांबावी म्हणून मी किती नवस केले असतील, पण ती शांतता मला मुळीच सोसली नाही.

मग वर्षभर लोखंड. जेवण वेळेवर, गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने. यंदा आरती संपताच त्यांनी सगळ्यांदेखत बोट टोचून मशीनवरचा आकडा दाखवला, पोटभर नाश्ता केल्याची साक्ष माझ्या मेहुणीने दिली, आणि समिती हात जोडून बाजूला झाली.

साडू मूर्ती घेऊन पायऱ्या उतरू लागले. मी त्यांच्या एक पायरी खाली, दोन्ही हात पसरून, उलटा चालत. त्यांचा तोल एकदाही गेला नाही. माझाच दोनदा गेला. पाण्याशी पोचल्यावर त्यांनी गणपतीकडे जरा वेळ पाहिलं आणि मूर्ती सोडली. डोळे पुसले. माझे रिकामे हात मात्र खांद्यापर्यंत भरून आले होते.

"साडूभाऊ, तुझ्यात दमच नाही यार," ते म्हणाले. "उद्यापासून ये."

पायऱ्या चढताना माझ्या हातातली आरतीच्या सामानाची पिशवीही त्यांनी काढून घेतली. मी घेऊ दिली. पुढच्या वर्षीही यांनाच उचलायला मिळो, एवढंच मी पाण्याकडे बघून मागितलं.