रझिया मॅडम आणि नदीकाठचं ठाणं

रझिया शेख मॅडम बैठकीच्या खोलीत सगळ्यांच्या आधी यायच्या आणि टेबलाच्या टोकाची मोठी खुर्ची स्वतः ओढत बाहेर नेऊन ठेवायच्या. "मानाची खुर्ची दिसली की पैसेवाला सरळ तिच्यातच जाऊन बसतो," म्हणायच्या. "मग बाकीचे दिवसभर त्याच्या तोंडाकडे बघत बसतात."

कर्वेनगरमधली आमची संस्था परदेशी शांतिसेनांच्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षण द्यायची. मी तिथे कार्यालयीन सहायक होते. कात्रजपलीकडच्या गावातून आलेली, घरातून कॉलेजात गेलेली पहिली. हे मी तेव्हाही ताठ मानेने सांगायचे. मॅडम अस्सल पुण्याच्या. वडिलांचं रविवार पेठेत कुलपांचं दुकान. उमेदीची वर्षं त्यांनी पेटलेल्या मुलखांत शांतता-करारांच्या कामात घालवली होती; आता आमच्याकडच्या बैठका त्या चालवायच्या. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "अहो पासलकर, नुसतं लिहून घेऊ नका. कोण कोणाकडे बघून बोलतंय, ते बघा."

त्यांच्या बैठकीचा नियम एकच होता. ज्यांची माणसं मरणार, ते आधी बोलतील. पैसे देणारे शेवटी.

एका वर्षी दोन संघटनांची बोलणी आमच्याकडे ठरली. एक आफ्रिकेतल्या काही देशांची; तिचे जवान शेजारच्या युद्धग्रस्त देशात तैनात होते. दुसरी युरोपातली, त्या जवानांचे पगार, गाड्या, इंधन, सगळं तिच्या पैशावर. आमच्या प्रशिक्षणवर्गाचा खर्चही तीच करायची. म्हणून सकाळीच संचालकांनी मॅडमना गाठलं.

"मॅडम, आज जरा सांभाळून. आपलंही त्यांच्यावरच चालतं."

"सांभाळूनच घ्यायचं होतं तर मला कशाला बोलावलंत? चहा द्यायला?"

बैठक इंग्रजीत झाली. मी आपल्या भाषेत सांगते. युरोपवाल्यांचे प्रमुख हेन्रिक. माणूस सज्जन, हसतमुख. मॅडमनी आफ्रिकेच्या जवानांचे प्रमुख ब्रिगेडियर सॅम्युएल यांना बोलायची विनंती करायच्या आतच हेन्रिकनी मसुदा सगळ्यांपुढे सरकवला. नदीकाठच्या गावातलं शांतिसेनेचं ठाणं उठवायचं आणि तिथले जवान बंदराच्या रस्त्याच्या राखणीला नेमायचे. त्या ठाण्याच्या आधाराने, घरंदारं सोडून पळून आलेली कितीतरी कुटुंबं राहत होती.

ब्रिगेडियर सहा फुटांचे, भारदस्त. मसुद्याचं पान न उलटताच म्हणाले, "आमची काही हरकत नाही."

"हरकत आहे का, हे मी विचारलंच नाही," मॅडम म्हणाल्या. "ठाणं उठल्यावर त्या कुटुंबांचं काय होईल, एवढंच सांगा."

ब्रिगेडियरांनी हेन्रिककडे पाहिलं.

"तिकडे नको. इकडे बघा."

ब्रिगेडियर मॅडमकडे वळले. मग ते हळू म्हणाले, "जवान सकाळी निघाले, तर संध्याकाळपर्यंत हल्लेखोर येतील. पुरुषांना आधी मारतील."

हेन्रिकचा चेहरा उतरला. "हे तुम्ही आम्हाला कधीच का सांगितलं नाहीत?"

"पगार तुमच्याकडून येतो साहेब. नाही कसं म्हणणार?"

"पण रस्त्याचं मी वरच्यांना कबूल करून बसलोय."

"मग वरच्यांना सांगा," मॅडम म्हणाल्या, "की नकाशा बघितला होता, माणसांना विचारायचं राहून गेलं."

ब्रिगेडियरांनी मसुदा मिटला. "ठाणं उठणार नाही," ते म्हणाले. या वेळी त्यांनी कोणाकडेच पाहिलं नाही. एवढा मोठा माणूस इतका वेळ आवाज दाबून बसला होता, आणि पाच फुटांच्या आमच्या मॅडमनी तो बाहेर काढला होता.

युरोपवाल्यांनी पुढच्या वर्षीचा वर्ग आम्हाला दिला नाही. मॅडमचं कामही गेलं. काही आठवड्यांनी ब्रिगेडियरांचा कार्यालयात फोन आला: पगार अडवलेत, जवान तरीही ठाण्यावर आहेत. मी तशीच मॅडमच्या घरी गेले. निरोप ऐकून त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"बोलायला मी लावलं," त्या म्हणाल्या. "पोटाला चिमटा त्यांना बसतोय."

मला वाटलं, हळहळतील आणि गप्प राहतील. त्यांनी माझ्यासमोरच ब्रिगेडियरांना फोन लावला. "पुढची बोलणी युरोपात आहेत ना? तुमच्या बाजूने मी बसते. मानधन नको, तिकीट मी काढते."

साठी उलटलेली, गुडघा धड चालू देत नव्हता. मी त्यांना स्वारगेटहून विमानतळाच्या गाडीत बसवलं, तेव्हा पायरी चढायला त्यांना माझा खांदा लागला. ज्यांनी आपली नोकरी घालवली त्यांच्याच दारात, दुसऱ्याच्या जवानांचा पगार मागायला ही बाई निघाली होती. मी गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभी होते.

पगार सुरू झाले. ठाणंही राहिलं. आनंदाने मी फोनवर अभिनंदन केलं, तर पलीकडून तोच कोरडा आवाज आला:

"अभिनंदन कसलं, पासलकर? एका वर्षाचे दिलेत. पुढच्या वर्षी पुन्हा मागायला यायचंच आहे."

आणि त्या मागायला गेल्या. ती कुटुंबं आपापल्या घरी परतेपर्यंत, दर वर्षी गेल्या.