बुवांच्या आईला घातलेला हार

मी एका जिवंत बाईच्या फोटोला हार घातला. तोही चंदनाचा, आणि भर सभेत.

आमचे भजनीबुवा मूळचे मालवणकडचे, राहायला कांजूरमार्गला. डबलबारीत, म्हणजे दोन बुवा आळीपाळीने गाऊन एकमेकांना चिमटे काढतात त्या सामन्यात, त्यांना तोड नव्हती. पेटीला कपाळ टेकायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "सूर गळ्यातसून नाय, काळजातसून येऊक व्हयो!" मी मागे झांज वाजवायचो. चुकीच्या मात्रेवर, पण भक्तिभावाने. बुवांना सर्दी झाली की आल्याचा काढा मी प्यायचो.

त्यांचा हुकमी एक्का म्हणजे आईवरचा गजर. त्याआधी आवाज कापरा करून सांगायचे, "आयेक अग्नी दिलंय, तेव्हा माका ह्यो सूर गावलो." बायका पदर डोळ्यांना लावत. मी तर झांज बाजूला ठेवून हुंदके द्यायचो. माझी बायको वैतागायची, "स्वतःच्या आईला फोन करत नाहीस, आणि त्यांच्या आईसाठी काय रडतोस रे?"

एकदा बुवांना चकित करायचं माझ्या मनात आलं. त्यांच्या कपाटातल्या जुन्या फोटोवरून आईचा भला मोठा फोटो करून घेतला, हार घातला आणि बारीच्या दिवशी स्टेजवर मधोमध ठेवला. उदबत्तीसकट.

गजर रंगात आला आणि पहिल्या रांगेतून एक म्हातारी काठी टेकत पुढे आली. मागून तिची लेक, "आये, बस गं खाली!"

म्हातारीने फोटो पाहिला. मला पाहिलं.

"ह्यो हार कोणी घातल्यान?"

"मी," मी म्हणालो.

"मी कधी मेलंय रे? माका कोणी सांगूक नाय!"

समोरचे बुवा खरं तर असल्या संधीची वाटच बघत असतात. पण ते गुपचूप खाली उतरले आणि म्हातारीच्या पाया पडले. आमचे बुवा डोळे मिटूनच गात राहिले. एवढी लांब तान मी त्यांच्याकडून कधी ऐकली नव्हती. तान संपली तेव्हा माय-लेकी निघाल्या होत्या. जाता जाता म्हातारी मला म्हणाली, "गाता बरो पण."

दुसऱ्या दिवशी मी बुवांच्या घरी जाऊन विचारलं. ते शांतपणे पान लावत होते.

"घरात रियाजाक जागा नाय व्हती. तिची खाट काढलंय आणि तिका बहिणीकडे वाकोल्याक धाडलंय. दोन वर्सां झाली."

"मग मेली कशाला म्हणता?"

"अरे, जित्या आयेवर गजर रंगणा नाय! आणि तो फोटो पुढच्या बारीक आण हां. बरो दिसता."

तिची खाट होती त्याच कोपऱ्यात बसून मी दोन वर्षं झांज बडवत होतो. झांज तिथेच ठेवून उठलो. बुवांनी हाक मारली, "सुरात चूक काढून दाखव माझ्या!" ती कशी काढणार? सूर चोख होता.

आता दर रविवारी मी वाकोल्याला जातो. केळी नेतो, औषधं आणून देतो. दाराशी पावलं वाजली की म्हातारी घाईघाईने उठून बसते, पदर सारखा करते, चष्मा शोधते. परवाही तसंच झालं. चष्मा लावून तिने मला नीट न्याहाळलं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

"श्या! परत तूच इलंस?"