हसुकाका आणि एकशेसाठचा टायर

हसुकाका गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे आधी कधी बघायचेच नाहीत. गाडी दुकानासमोर थांबली की ते उकिडवे बसायचे आणि उजव्या हाताचा तळवा मागच्या टायरवर ठेवून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश फिरवायचे, बैल विकत घेणारा माणूस बैलाच्या पाठीवरून हात फिरवतो तसा. मग मान खालीच ठेवून बोलायचे, "रोज उरणला जातोस ना? कंटेनरच्या मागं मागं." गिऱ्हाईक दचकायचं. टायर फक्त मधोमध सपाट झाला असेल तर माणूस दिवसभर सरळ रस्त्याने जातो, इतकं साधं ते होतं. पण ते साधं वाचायला फक्त त्यांनाच यायचं.

माझ्या टायरवरून पहिल्यांदा हात फिरवला तेव्हा ते म्हणाले, "उजव्या वलनाला भितोस तू."

"भिते," मी हेल्मेट काढत म्हटलं.

तेव्हा त्यांनी वर बघितलं. "आरं देवा, पोरगी हाय!" जरा वेळ माझ्याकडे, जरा वेळ साडेसहाशे सीसीच्या त्या धुडाकडे बघून त्यांनी निकाल दिला, "पोरगी असलीस तरी भितेसच. डावी कड झिजली, उजवी कोरीच्या कोरी हाय. टायर काय बाई-बुवा बघत नाय."

खरं होतं. डाव्या वळणाला मी गाडी मजेत झुकवायचे. उजव्या वळणाला झुकायचं म्हणजे समोरून येणाऱ्या ट्रककडे डोकं न्यायचं, तिथे मी वेग कमी करून गाडी सरळच ठेवायचे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यांचं दुकान शिरढोणच्या अलीकडे, हायवेला लागून. पत्र्याची शेड, एक कॉम्प्रेसर, आणि रस्त्याच्या कडेला उभा केलेला ट्रकचा टायर, त्यावर पांढऱ्या रंगात 'हवा'. दुकानाला नाव नव्हतं. हसुराम हे त्यांचं पूर्ण नाव मला कितीतरी दिवसांनी कळलं. बुटका, काटक माणूस, डोक्यावर मळकी टोपी, शिक्षण चौथी. उमेदीची वर्षं कळंबोलीत ट्रकचे टायर पहारीने उचकटण्यात गेलेली, त्यामुळे खांदे मात्र पैलवानाचे. कुणी "काका, लवकर करा" म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "घाई हाय? मंग फुडं जा. फुडं एक घाईवाला हाय." आणि गिऱ्हाईक थांबायचं. नवा टायर कुणी बाहेरून घेऊन आला तर आधी त्यावरची तारीख बघायचे. जुना माल असला तर बसवायचे नाहीत. "रबराचं बी वय व्हतं. दुकानात बसून म्हातारा झालाय त्यो. मी नाय बसवणार." त्यांचं 'नाय' म्हणजे दगड. हुज्जत घालणाऱ्याकडे पाठ करून ते दुसऱ्या चाकाला लागायचे.

असा माणूस माझ्यापुढे मात्र मऊ पडला. त्याला कारण माझी पदवी.

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. हे मी लाजून सांगत नाही. बाबा कळंबोलीच्या लोखंड बाजारात हमाली करायचे, आई रोडपालीत चार घरची भांडी घासायची, आणि त्यांची मुलगी मेकॅनिकल इंजिनिअर होऊन तळोज्याच्या कारखान्यात तपासणी विभागात लागली. गाडी मी स्वतःच्या पगारावर घेतली. दुसऱ्या भेटीत हसुकाकांनी विचारलं, "काय शिकलीस?" मी सांगितलं. ते उठले, स्टूल फडक्याने पुसून माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "बसा मॅडम."

"काका, मॅडम काय? आधी पोरगी म्हणालात."

"तवा म्हायती नव्हतं."

त्या दिवसापासून मी मॅडम झाले. मला ते आवडलं, हेही खरंच सांगते. बाबांना आयुष्यात कुणी पुसलेलं स्टूल दिलं नव्हतं.

दर रविवारी आमचा दहा-बारा गाड्यांचा ग्रुप निघायचा. मुलगी मी एकटीच. ग्रुपचा म्होरक्या खांदा कॉलनीतला रोहन. माझ्या गाडीला कंपनीचा एकशेतीसचा टायर होता, म्हणजे एकशेतीस मिलिमीटर रुंद. रोहन दर वेळी चहाच्या टपरीवर म्हणायचा, "समोरून वाघीण, मागून लेडीज सायकल." सगळे हसायचे, मीही हसायचे. चौथ्या-पाचव्या वेळी हसू येईना. मी मुंबईहून एकशेसाठचा टायर मागवला.

मागवण्याआधी मी गणित केलं होतं. अडाण्यासारखं टायर उचलून बसवायला सांगणाऱ्यांतली मी नव्हे. तीस मिलिमीटर वाढणार, म्हणजे दोन्ही बाजूंना पंधरा. साखळीच्या बाजूला जागा एकोणीस. शिल्लक चार. आकृती काढली, मापं टाकली, खाली दोन रेघा मारल्या आणि तो कागद घेऊन हसुकाकांकडे गेले.

त्यांनी टायर बघितला, चाक बघितलं. "रिम बारीक हाय," ते म्हणाले.

"बसतो काका. खूप जण बसवतात."

"बसतो त खरा..."

"हे बघा, गणित आहे." मी कागद पुढे केला.

त्यांनी हात पँटला पुसले, मग फडक्याला पुसले, मगच कागद कडेने धरला. आकृतीकडे बराच वेळ बघितलं. "तुमी काढलंत?"

"हो."

"मंग बसवतो."

टायर चढायला फार वेळ लागला. साबणाचं पाणी लावलं, हवा भरली, सोडली, पुन्हा भरली. एरवी कड रिममध्ये बसली की ठप्प असा आवाज येतो आणि काका मान हलवतात. त्या दिवशी आवाज आला, मान हलली नाही. चाक गाडीला लावून झाल्यावर त्यांनी नेहमीसारखा टायरवर तळवा फिरवला आणि मधेच त्यांचा हात थांबला. पुन्हा फिरवला, पुन्हा तिथेच थांबला. मी ते बघितलं. विचारलं नाही. मला मागून गाडी कशी दिसते ते बघायची घाई होती, आणि दिसत होती ती झकास.

"हल्लू जा, मॅडम," एवढंच ते म्हणाले.

रविवारी कर्नाळ्याच्या उजव्या वळणावर गाडी आधी झुकेचना. जोर लावला तर एकदम कलली, जणू टोकावरून घसरली. मी घाबरून सरळ केली, वळण सुटलं, आणि डाव्या कडेच्या खडीत मी आणि गाडी वेगवेगळ्या दिशांना गेलो. मागून ट्रक येत नव्हता म्हणून हे लिहिते आहे. डावं मनगट मोडलं. गाडी उभी केल्यावर रोहनने बोट दाखवलं. साखळीने टायरच्या कडेला गोल चर पाडला होता. माझे शिल्लक चार मिलिमीटर गाडी उभी असतानाचे होते. चालत्या गाडीत साखळी थरथरते आणि गरम टायर फुगतो, हे मी मापलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हात गळ्यात अडकवून, गाडी टेम्पोत घालून मी दुकानात गेले. हसुकाकांनी प्लास्टर बघितलं. कॉम्प्रेसर बंद केला. मग टायरजवळ बसून चरावरून बोट फिरवलं.

"मोठा टायर बारीक रिममधी घातला की कडा आत वढल्या जातात," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "मधी उंचवटा येतो, अंड्यावानी. दिसतो जाड, टेकतो कमी. मना कललं व्हतं. हात फिरवला तवाच कललं."

माझं डोकं भडकलं. "कळलं होतं? मग बोलला का नाहीत? दहा वेळा लोकांना 'नाय' म्हणता! काका, मी मेले असते!"

"व्हय," ते म्हणाले. "मेली असतीस."

"मग?"

"तुझा कागद व्हता."

चरावर बोट ठेवूनच ते म्हणाले, "शिकलेल्या मानसानं कागद दावला की आमी गप बसायचं. आमचा बा बसला, आमी बी बसलो. जमीन गेली तवा बी कागदच दावला व्हता. सवय लागली, पोरी."

घरी जाताना मला रागच होता, पण तो कुणावर ते ठरत नव्हतं. बाबा मुकादमाच्या कागदापुढे असेच गप बसायचे. त्या कागदाला भिऊन राहायचं नाही म्हणून तर त्यांनी मला शिकवलं. आणि मी शिकून काय केलं, तर एका जाणत्या माणसापुढे कागद धरून त्याचं तोंड बंद केलं. त्यांचा हात दोनदा थांबलेला मी डोळ्यांनी बघितला होता.

तीन दिवस दुकान उघडलं नाही. चौथ्या दिवशी मी विचारत विचारत त्यांच्या घरी गेले. दारात काकू तांदूळ पाखडत होत्या.

"मी ती टायरवाली," मी म्हटलं.

"आगं बाय, हात बघ पोरीचा! ये, बस." मग आवाज खाली करून म्हणाल्या, "तीन दिस चावी खुंटीला हाय. मी बोलले, येक टायर चुकला त काय झालं? त बोलतात, चुकला नाय, मी चुकवला. धड जेवत बी नाय. बघ तुझं ऐकलं त."

काका मागच्या पडवीत बसले होते. मी म्हटलं, "गाडी तशीच उभी आहे. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही मी."

"हातानं सांगितलं, मी ऐकलं नाय," ते म्हणाले. "आता त्यो परत सांगंल का, कोन जाने. तू येक कर. कसा बसवायचा ते लिहून आन. तसा बसवतो."

"कागद आणलाय," मी म्हटलं आणि समोर ठेवला.

त्यांनी उलटसुलट करून बघितला. "कोरा हाय."

"तुम्ही सांगा. मी लिहिते."

"मी काय सांगू? तू विंजनेर."

"माझं लिहिलेलं गळ्यात अडकवून फिरते आहे. आता तुमचं लिहिते."

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. मी पेन उघडून बसून राहिले. शेवटी काकूच म्हणाल्या, "आवो सांगा की, पोरगी मोडक्या हातानं बसलीय!"

"लिहायचा हात धड हाय तिचा," काका म्हणाले. मग घसा साफ केला. "लिही. आदी रिम मापायची. टायर मंग."

मी लिहिलं.

"लिवलंस? वाच."

मी वाचलं. त्यांनी ऐकलं, मान हलवली, आणि पुढचं सांगितलं. सुरुवातीला एकेक वाक्य ओढून काढावं लागलं. मग ते उठून उभे राहिले, हवेत हात फिरवून दाखवू लागले, साखळी कशी नाचते, गरम रबर कुठे सरकतं, कड कशी वळते. मी एकही शब्द सुधारला नाही. हाय तिथे हाय, नाय तिथे नाय. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. शेवटी ते हळूच म्हणाले, "खाली सही करू मी?" आणि एकेक अक्षर जोडत त्यांनी हसुराम असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. माझ्या चाकावर एकशेतीसचाच टायर आला. रोहनला काय म्हणायचं ते त्याने म्हटलं. मी त्याच्या टायरची उजवी, कोरी कड सगळ्यांना दाखवली आणि तो विषय संपला.

प्लास्टर निघाल्यावर मी दुकानात गेले. "काका, रविवारी निघते."

त्यांनी माझ्या डाव्या हातात आपली दोन बोटं दिली. "दाब. क्लच धरतेस तसं."

मी दाबली.

"नाय," ते म्हणाले.

"डॉक्टरांनी परवानगी दिली आहे. हा बघा कागद."

त्यांनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. "ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी. मी नाय बोलतो ना? मंग नाय." आणि पाठ करून दुसऱ्या चाकाला लागले.

मी हुज्जत घालण्यात पटाईत आहे. त्या दिवशी मी मुकाट घरी आले, आणि बसच्या खिडकीशी बसून वेड्यासारखी हसत होते. आणखी तीन रविवार त्यांनी मला घरी बसवलं.

गेल्या वर्षी भर दुपारी दुकानातच ते टायरला टेकून बसले ते उठले नाहीत. काकूंनी शेड विकली. आता तिथे गाड्या धुतात.

कारखान्यात माझ्या हाताखाली आठ मशीनवाले आहेत. नवं काम आलं की मी ड्रॉइंग घेऊन आधी त्यांच्याकडे जाते आणि विचारते, "हे बसेल का?" बहुतेक जण म्हणतात, "तुम्ही म्हणाल तसं, मॅडम." मी हलत नाही. त्यांच्या हाताकडे बघत उभी राहते. परवा त्यांतला एक जण, नोकरीत माझ्यापेक्षा कितीतरी जुना, खूप वेळ चुळबुळ करून एकदाचा म्हणाला, "नाही मॅडम. असं नाही बसणार."

मी ड्रॉइंग त्याच्या मशीनवर पसरलं, पेन काढलं, आणि म्हटलं, "सांगा."