आतून न बांधलेली मुक्ता

देशपांडे सर आपल्या मुलीला फ्रॉक उलटा घालत. गारखेड्यातल्या त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आठ-नऊ वर्षांची मुक्ता दारात उभी होती, सगळ्या शिवणी बाहेर. मी खुलताबादचा, शेतकऱ्याचा पोरगा. तोंड आवरेल तर शपथ. "सर, ताईनं फ्रॉक उलटा घातलाय की," म्हणालो आणि वर हसलोही.

"शिवण आत गेली की कातडं सोलतं रे तिचं," सर म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सर कॉलेजात पेशीशास्त्र शिकवायचे. पाठ केलेलं उत्तर ऐकलं की म्हणत, "पोपट नकोय मला, बस खाली." त्वचेच्या पेशीवर आले, की मात्र आवाज उतरायचा. पेशीच्या तळाशी ग्राही प्रथिनं असतात, ती खालच्या थराला धरून ठेवतात. पेशीच्या आत तंतूंचं जाळं असतं. या दोघांना बांधणारं आणखी एक प्रथिन मध्ये लागतं. "ते नसलं तर? हात आहे, पण खांद्याला जोडलेलाच नाही. असा हात काय धरणार?" मुक्तामध्ये ते जन्मापासून नव्हतं. वर्गात हे मला एकट्यालाच माहीत होतं.

औषध नव्हतंच. मुक्ताची आई, आमच्या मॅडम, सकाळच्या शाळेवर शिकवायला जात, म्हणून तिचे फोड सुईनं फोडून, मलमपट्टी करून सर कॉलेजला यायचे. "आता रडत नाही ती," एकदा म्हणाले, "त्याचंच वाईट वाटतं."

एके दिवशी मी प्रोजेक्ट दाखवायला गेलो. मुक्ता चित्राची वही घेऊन धावत आली, पायरीवरून घसरली, आणि मी तिचं मनगट पकडलं. सगळं ठाऊक असून पकडलं. हातमोजा उतरावा तशी कातडी माझ्या मुठीत आली.

सरांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. जखम धुता धुता ते म्हणाले, "पडणाऱ्याला माणूस धरतोच रे. नसतं धरलंस, तर मला तुझी भीती वाटली असती."

जखम चिघळली, जंतू रक्तात गेले. तिसऱ्या आठवड्यात मुक्ता गेली. डॉक्टर म्हणाले, दुसरी कुठलीही जखम निमित्त झाली असती. मला ते अजून पटलेलं नाही.

तिला घरी आणलं. बायका आंघोळ घालायला पुढं झाल्या. सर "थांबा" म्हणाले, खाली बसले, आणि तिला उचलून दोन्ही हातांनी छातीशी घट्ट आवळलं. तिच्या जन्मापासून पहिल्यांदाच.

"अहो, हळू," मॅडम म्हणाल्या, "लागेल तिला."