बैठकीच्या फरशीला रोगण

लग्न मुलाचं असलं तरी परीक्षा आधी त्याच्या घराची होते. घनसावंगीची मंडळी घर पाहायला येणार असं कळलं, तेव्हा जालन्याच्या आमच्या घरातली बैठकीची शहाबादी फरशी इतकी झिजलेली होती, की तिचा मूळ रंग कोणता यावरून अण्णांचं आणि आत्याचं भांडण व्हायचं. (अण्णा म्हणजे माझे वडील. आई लवकर गेली, त्यामुळे घर आत्याच्या ताब्यात आणि अण्णा तिच्या धाकात.) मुलीला, यमुनेला, मी जत्रेत एकदाच पाहिलं होतं, पण तेवढ्यावर माझं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नव्हतं!

मी तहसील कचेरीत कारकून. साहेबांच्या टेबलाला जवसाचं तेल आणि राळ उकळून केलेलं रोगण लावायचे, आणि टेबल असं लखलखायचं की डोळे दिपावेत. लाकूड चमकतं, तर दगड का चमकू नये?

"आरं, फरशीला तेल कोन लावतं?" आत्या म्हणाली.

"तेल न्हाई आत्या, रोगण हाये. बिलकुल नवी दिसंल फरशी!"

"कर बाबा," अण्णा म्हणाले, "पन पाहुने यायच्या आत वाळू दे."

रोगण पातळ द्यायचं असतं. माझं लक्ष यमुनेकडे, त्यामुळे थर जाड झाला. उरलेलं वाया कशाला घालवा, म्हणून तेही ओतलं. त्यात मार्गशीर्षाची थंडी! पाहुणे यायच्या दिवशी सकाळी फरशी झळकत होती, पण टेकवलेलं बोट सुटत नव्हतं. आमचं मांजर ऐटीत आत आलं, मधोमध अडकलं, किंचाळलं आणि पायाचे केस तिथंच ठेवून पळालं.

"अण्णा, वाळलं न्हाई!"

"मंग?"

"मंग काय, मेलो!"

आत्याचा जन्म ज्वारीच्या भाकरी थापण्यात गेलेला. चिकटायला लागलं की पीठ भुरभुरायचं, हा एकच इलाज तिला ठाऊक. "सरक तिकडं," म्हणत तिनं परातभर पीठ सगळ्या बैठकीत भुरभुरलं. आणि काय सांगू, चिकटेना! मी आत्याच्या पायाच पडलो. भिंतीकडेला सतरंजी टाकली आणि तेवढ्यात पाहुण्यांची दमणी, म्हणजे त्यांची हलकी बैलगाडी, दारात थांबली.

आलेल्या पाहुण्याला पाय धुवायला पाणी द्यायचं, ही आमच्याकडची रीत. ती मी पाळली. (मीच! आणि तेही तांब्या तांब्या, मनापासून!) मुलीचे वडील आणि मामा ओल्या पायांनी पिठात उतरले.

पहिल्या पावलाला पीठ भिजलं. दुसऱ्याला मळलं गेलं. सतरंजीपर्यंत पोचेतो मामांच्या तळपायांना भाकरीएवढा उंडा लागला होता, आणि खालून रोगणानं त्याला धरलं होतं. मामांनी एक पाय जोर लावून उपटला, तर दुसरा रुतला. आधाराला त्यांनी अण्णांचा खांदा धरला आणि दोघंही पिठात बसले!

"पाहुने, हे काय करून राह्यले तुम्ही?" मुलीचे वडील ओरडले.

अण्णा बसल्या जागेवरून हात जोडून म्हणाले, "काही न्हाई, पोरानं फरशी चमकवली."

"पोरगं कचेरीत काय करतं म्हनले?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण धरणीवर रोगण दिलेलं होतं!

आत्यानं उलथन्यानं दोघा पाहुण्यांचे पाय खरवडले. तरी जोडे पायात जाईनात, ते हातात घेऊनच मंडळी दमणीत चढली. चहा तसाच राहिला. आठवड्यानं नकाराचा निरोप आला, आणि पुढच्या मुहूर्ताला यमुना जाफराबादला दिली गेली. खोटं कशाला सांगू, मी आतल्या खोलीत जाऊन रडलो.

चैत्राच्या उन्हात रोगण एकदाचं वाळलं. आत्यानं खुरप्यानं वरची खपली काढली, तर खाली फरशी अशी चकाकत होती की गल्लीतली माणसं बघायला आली.

"बघ रं, तोंड दिसून राह्यलं!" आत्या कौतुकानं म्हणाली.

मी वाकून पाहिलं. अगदी स्वच्छ, लखलखीत असा एक बिनलग्नाचा कारकून माझ्याकडे बघत होता.