विमानाचा हिरवा

माझे वडील हवाई दलात रंगारी होते. विमानांना रंग देणारे. आमच्या शेलूबाजार गावात हे सांगितलं की लोक आधी हसायचे आणि मग विचारायचे, "इमानालेही रंग द्या लागते काय?" बाबा कधी चिडले नाहीत. चिडायची मी.

नोकरी संपल्यावर त्यांनी इथे घर बांधलं, घरामागचं वावर कसलं, पण लढाईबद्दल चकार शब्द काढला नाही. मी मंगरूळपीरच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. त्यांच्या पंचाहत्तरीला मी एकाहत्तरच्या लढाईतल्या एका विमानाचं मॉडेल मागवलं, प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून करायचं. विमान जोडून होईपर्यंत बाबा नुसते बघत बसले. रंगाची वेळ आली तेव्हा म्हणाले, "हिरवा म्या सांगतो तसाच कर."

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. चकाकणारी विमानं वरून दिसू नयेत म्हणून त्यांना शेतामातीचे रंग द्यायचे होते, तेही घाईघाईत. एका विमानाला हिरवा कमी पडला. विशीतल्या बाबांनी हाताशी असलेल्या डब्यांतून नजरेच्या अंदाजानं तो कालवला. वैमानिकानं ओल्या रंगाला बोट लावून पाहिलं, "बढिया" म्हणाला आणि गेला. परत आला नाही. शत्रूच्या विमानानं त्याला वरून हेरलं, एवढंच नंतर कानावर आलं. पन्नासहून जास्त वर्षं माझा बाप स्वतःला एकच विचारत होता, आपला हिरवा चुकला म्हणून तो दिसला का?

इंटरनेटवर पाहिलं तर प्रत्येक फोटोतला हिरवा वेगळा. बाबांनी ते सगळे उडवून लावले आणि मला वावराच्या बांधावर, धुऱ्यावर नेलं. सोयाबीन निघालं होतं, तूर उभी होती, अजून फुलावर आलेली नव्हती. "असा होता. तुरीवानी," ते म्हणाले. मी पान तोडून आणलं, शेजारी ठेवून तंतोतंत रंग कालवला. त्यांनी पानाकडे न बघता, आठवून आठवून डोळे बारीक केले. "लय पिवळा झाला. पिवळा काढ."

मी काढला. "अजून काढ." चार दिवस हेच चाललं. मला रंगातलं कळतं, निदान पगार तरी त्याचाच मिळतो, त्यामुळे मी धुसफुसत होते. समोरचा हिरवा निळसर होत चालला होता आणि तुरीचं पान शेजारी वेगळंच दिसत होतं. पाचव्या दिवशी बाबा म्हणाले, "हा. हाच." त्यांचा आवाज फुटला. मी वाद घातला नाही.

विमान वाळल्यावर त्यांनी मला ते तुरीवर ठेवायला लावलं आणि स्वतः स्लॅबवर चढले. मला खालून ते विमान स्पष्ट वेगळं दिसत होतं. बाबा बराच वेळ बघत राहिले. मग वरून ओरडले, "नाही दिसत वो माय! कुठंच नाही दिसत!" त्या दिवशी ते दोनदा जेवले. दोन वर्षं टाळलेलं मोतीबिंदूचं ऑपरेशनही कबूल केलं. इतके मोकळे मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

ऑपरेशन झालं त्या दिवशी डॉक्टर सहज बोलून गेले की मोतीबिंदू पिकला की माणसाला सगळं पिवळं दिसतं. म्हणून ते पिवळा काढायला लावत होते! तुरीसारखा हिरवा त्यांना नीट आठवत होता, फक्त माझा रंग त्यांना डोळ्यांतल्या पिवळ्यातून दिसत होता. आता पट्टी निघाली की ते निळं विमान बघणार. मी घाबरले. घरी येऊन पानाशी जुळवून सगळं विमान पुन्हा रंगवलं आणि गुपचूप खिडकीत ठेवलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी विमान हातात घेतलं, उजेडात फिरवलं. रंगाच्या डब्याच्या झाकणाला आधीचा निळसर रंग लागलेला होता. त्यांनी ते झाकण उचलून विमानाजवळ धरलं.

"तू बदलला."

"हो."

"काहून?"

"तो निळा झाला होता, बाबा."

ते झाकणाकडे बघत राहिले. "मंग माहाही तवा निळाच झाला असन."

मी भराभर सगळं सांगितलं. डोळे, पिवळा, डॉक्टर काय म्हणाले ते. तुमचा रंग बरोबर होता, तुरीसारखाच होता, चूक झाली ती आत्ताच्या मोतीबिंदूमुळे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"राहू दे माय. आंधी रंग बदलला, आता गोष्ट बदलून राह्यली. माह्यासाठीच करून राह्यली, समजते मले."

मी डॉक्टरांना फोन लावून देते म्हणाले. ते नको म्हणाले. निळं विमान तसंच त्यांच्या हातात देऊन हेच सांगितलं असतं, तर त्यांनी विश्वास ठेवला असता. नंतर मी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा ते माझी समजूत घालत बसले.