जोडाच्या खालचा फुटवा

उज्जैनच्या नानाखेड्यातल्या आमच्या घरापुढे वीतभर जागा आहे आणि तिच्यात पाच झाडं. निम्मा स्वयंपाक तीच चालवतात. कढीपत्त्यावर तर अख्ख्या गल्लीचा हक्क. "भाभी, मीठा नीम ले जा रही हूँ," हे ऐकू येईपर्यंत डहाळी तुटलेली असते. लिंबू सरबताला, शेवगा आमटीला. पेरू मात्र पोपटांनी आपल्या नावावर करून घेतलाय. पाचवा आंबा. त्याने वर्षानुवर्षं पानाशिवाय काही दिलं नव्हतं, पण सासऱ्यांचा जीव त्याच्यातच.

रेल्वेच्या नोकरीने त्यांना उज्जैनला आणलं. निवृत्तीनंतर त्यांनी रत्नागिरीहून हापूसचं कलम आणलं, तेही गाडीत सबंध वेळ मांडीवर धरून. पुढच्या उन्हाळ्यात ते गावी गेले आणि पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं. मी चार दिवस माहेरच्या लग्नाला गेले, तेवढ्यात लूच्या झळांनी कलम वाळून काडी झालं. काडी मी मोडून टाकली. महिनाभराने बुंध्यातून लाल पालवी फुटली, तशी मी हुरळून देवास गेटच्या नर्सरीवाल्याकडे गेले.

"जोड के नीचे से निकला है ना? तो देसी है, बाई. हापुस गया."

म्हणजे ज्या गावठी रोपावर हापूस बांधला होता, तेच फुटलं होतं. सासरे परतल्यावर हे सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. भित्रेपणा, दुसरं काय! त्याऐवजी मी त्या फुटव्याला सकाळ-संध्याकाळ पाणी घालत राहिले. येणाऱ्या प्रत्येकाला ते फाटकातच सांगायचे, "रत्नागिरी का हापुस है," आणि मला स्वयंपाकघरात काहीतरी काम आठवायचं.

यंदा सात आंबे धरले. त्यांनी ते तांदळाच्या डब्यात पिकवले, पहिला स्वतः कापला आणि फोड तोंडात घातली. मीही घेतली. आंबटढाण, वर दातात अडकणाऱ्या रेषा. मला राहवलं नाही. लग्न, काडी, नर्सरीवाला, सगळं एका दमात सांगून टाकलं. रडूही आलं.

ते दातातली रेषा काढत होते.

"जोडाच्या खालून फुटलंय ते मी आलो त्याच दिवशी पाहिलं," ते म्हणाले.

मला रागच आला. "मग इतकी वर्षं लोकांना हापूस का सांगत होतात?"

"तू दोन्ही वेळ पाणी घालत होतीस. तुझ्यासमोर दुसरं काय सांगणार?" त्यांनी ताटली माझ्याकडे सरकवली. "गूळ आण. रायतं चांगलं होईल याचं."